‘खेळ’ म्हणून नापास

गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेचे विज्ञान प्रदर्शन झाले. त्याच्या आदल्या दिवशी नववीतल्या एका मुलाने आणलेली वस्तू आम्ही परत पाठवली. परत पाठवणारे आम्ही तिघे होतो. दोन विज्ञानाचे शिक्षक आणि तिसरी मी. नाकारण्याचे कारण नोंदवहीत एकाच शब्दात लिहिले आहे: ‘खेळ’. त्या शब्दाखाली तीन सह्या आहेत. तिसरी सही माझी आहे आणि तिची मला आता लाज वाटते. दिवाळी अंकात गोड लिहावे असा संकेत आहे, हे मी जाणते. परंतु फराळाच्या ताटातसुद्धा लाडवाशेजारी चिवडा असतोच. वाचकांनी माझा हा लेख चिवड्यात जमा करावा.

प्रथम माझा अधिकार काय तो सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी काढावयास नको. मी मॅट्रिक. चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि त्या बळावर घाटकोपरच्या एका शाळेत चित्रकला व कार्यानुभव हे दोन विषय शिकवते. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. विजेविषयीचे माझे ज्ञान फ्यूज उडाला की शेजारच्या काकांना हाक मारावी, इतपतच होते. तेव्हा पुढे जे काही शास्त्र येईल, ते मला एका पंधरा वर्षांच्या मुलाने शिकवलेले आहे. गुरू वयाने लहान आहे म्हणून विद्या खोटी ठरत नाही.

आता ती वस्तू. प्रवासात नेतात तसली प्लास्टिकची साबणाची डबी. झाकणात एक चौकोनी खिडकी कापलेली. कापताना ब्लेड घसरल्याची खूणही तिथे होती. खिडकीत पोस्टाच्या तिकिटाएवढी काळी पाटी, तिच्याखाली पाच बटणे, आत तीन पेन्सिल सेल आणि तारांचा गुंता. थोडक्यात, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. खेळ दहीहंडीचा. गोविंदांचा एक थर डावीकडून उजवीकडे सरकतो. तो खालच्या थरावर नेमका आला की बटण दाबायचे. जेवढा भाग बाहेर लोंबला तेवढे गोविंदा गळाले आणि पुढचा थर तेवढा अरुंद झाला. सगळाच थर चुकला की मनोरा कोसळतो आणि डबीतून केविलवाणा ‘पीं’ असा आवाज येतो.

“कुठून विकत आणलास?” हा आमचा पहिला प्रश्न.

“सर, मी बनवलाय.”

“मग गेम कशाला बनवलास? काहीतरी उपयोगाचं बनवायचं!” हा दुसरा.

तिसरा प्रश्न आम्ही विचारलाच नाही. ‘कसा बनवलास?’ हा तो प्रश्न. विज्ञानाच्या प्रदर्शनात विचारण्याजोगा तेवढा एकच प्रश्न होता आणि तो तिघांपैकी एकाच्याही तोंडून निघाला नाही. मुलाने डबी रुमालात गुंडाळली आणि तो गेला. त्याच टेबलावरून त्याच दिवशी आम्ही काय काय मंजूर केले, तेही सांगते. खायचा सोडा आणि व्हिनेगर घालून फेस काढणारे तीन ज्वालामुखी मंजूर झाले. तयार संचातून जोडलेली एक पवनचक्की मंजूर झाली. तिच्यावर दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच होती. मी ती नखाने खरवडून काढली. एका आईने तर मॉडेल कोणत्या दुकानात करून मिळाले, हे मला कौतुकाने सांगितले. ते मॉडेल मंजूर झाले, आणि ज्यात स्वतःचा हात लागला होता ते नापास झाले.

आठवडाभराने कार्यानुभवाच्या तासाला मी त्या मुलाला थांबवून घेतले आणि तो राहिलेला प्रश्न विचारला. उत्तराला दोन तास लागले.

मुलगा असल्फ्याच्या टेकडीवर राहतो. वडिलांचे खाली रस्त्यावर मिक्सर-पंखे दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. सोल्डर मारायला तो तिथेच शिकला. सामान आणायला तो दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला गेला आणि लॅमिंग्टन रोडवरून चालला. या रस्त्याचे सरकारी नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण सुट्या भागांसाठी जाणारा माणूस अजून लॅमिंग्टन रोडच म्हणतो. तिथून त्याने अर्दुइनो नॅनो जातीची एक पट्टी घेतली, एक पाटी, बटणे, बझर आणि भोके पाडलेला बोर्ड घेतला. सगळे मिळून सात-आठशे रुपये झाले. हे अर्दुइनो २००५ साली इटलीतल्या इव्रिया गावी, रचनाकला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी निघाले. ज्यांना इंजिनिअर व्हावयाचे नाही त्यांनाही यंत्राशी बोलता यावे, हा हेतू. त्याचा आराखडा सर्वांना खुला आहे. म्हणूनच त्याच्या स्वस्त नकला राजरोस मिळतात आणि असल्फ्याच्या मुलाच्या खिशाला परवडतात.

पहिली पाटी पहिल्याच दिवशी जळाली. पाटीला चार टोके असतात. दोन विजेची, दोन निरोप पोचवण्याची. त्याने चित्रात पाहिले तसे जोडले. पण काही पाट्यांवर विजेच्या दोन टोकांची जागा उलट असते, आणि त्याची पाटी नेमकी त्यातली. “बाई, नावं पाटीवरच लिहिली होती. मी वाचलीच नाहीत,” तो म्हणाला. वस्तूवर लिहिलेले आधी वाचावे, हे मी वर्गात हजारदा सांगितले असेल. त्याला ते एका जळक्या वासाने कायमचे कळले. दुसऱ्या पाटीचे पैसे जमवायला त्याला दीड महिना लागला.

मग बटणांचा घोळ. बटण एकदाच दाबले तरी थर दोनदा पडे. त्याने आपले लिहिलेले तपासून तपासून डोके फिरवून घेतले. चूक तिथे नव्हतीच. बटणाच्या आतला पत्रा दाबला की तो एकदम टेकत नाही. चेंडूसारखा क्षणभर उसळतो. आपल्या बोटाला ते कळत नाही, पण ते यंत्र एका सेकंदात एक कोटी साठ लाख ठोके मोजते, त्याला प्रत्येक उशी वेगळी दिसते. उपाय काय? पहिल्या स्पर्शानंतर सेकंदाचा पन्नासावा भाग थांबायचे आणि मग पुन्हा विचारायचे, “दाबलंय ना खरंच?” हे तो मला सांगत होता तेव्हा मला वाटले, माणसांच्या भांडणातही एवढे थांबता आले तर किती घरे सुखी होतील!

सर्वांत मोठी अडचण जागेची. पाटीवर आडवे १२८ आणि उभे ६४, म्हणजे ८,१९२ ठिपके. प्रत्येक ठिपका लागलेला की विझलेला, एवढेच लक्षात ठेवायचे तरी यंत्राच्या स्मरणातली १,०२४ घरे अडतात. त्या यंत्राजवळ घरे आहेत सगळी मिळून २,०४८. म्हणजे निम्मे घर चित्रानेच भरले! उरलेल्या निम्म्यात थर, गुण, वेग, आवाज, सारा संसार मांडायचा. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसांत वाढलेल्या मुलाला हे गणित कोणी समजावून सांगावे लागले नाही. “घरात करतो तसंच केलं बाई. लागत नाही ते बाहेर काढलं,” तो म्हणाला. सर्वाधिक गुण वीज गेल्यावरही राहावेत म्हणून ते एका वेगळ्या कप्प्यात लिहिले जातात. त्या कप्प्यात एकेका जागी सुमारे एक लाख वेळाच लिहिण्याची हमी असते. म्हणून विक्रम मोडला तरच तिथे लिहायचे, एरवी हात लावायचा नाही. काटकसर म्हणजे काय, यावर एवढा चांगला धडा आमच्या कोणत्या पुस्तकात आहे ते मला कोणी दाखवावे.

आणि आम्ही नोंदवहीत लिहिले: ‘खेळ’.

या शब्दावरच माझे पहिले भांडण आहे. खेळ म्हणजे हलकी गोष्ट, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणतो? जपानात क्योटो शहरी निन्टेन्डो नावाची पत्ते छापणारी कंपनी होती. १९६५ साली तिथे गुनपेई योकोई नावाचा एक तरुण पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल करण्याच्या नोकरीला लागला. रिकाम्या वेळात त्याने लांब होणारा चिमट्यासारखा एक गमतीचा हात बनवला. तो मालकांच्या नजरेस पडला. मालकांनी त्याला ‘खेळ’ म्हणून नापास केले नाही. १९६६ साली तो हात खेळणे म्हणून बाजारात आणला आणि योकोईला खेळणी करण्याच्या कामावर बसवले. याच माणसाच्या हाताखाली १९८९ साली ‘गेम बॉय’ झाला. पाटीवर रंग नाहीत, करड्या-हिरवट चार छटा फक्त. आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके. चार पेन्सिल सेल. त्याच वर्षी प्रतिस्पर्ध्यांचे रंगीत यंत्र आले होते, पण ते सहा सेल चार-पाच तासांत पिऊन टाकी. योकोईचे म्हणणे असे, की जे तंत्र जुने झाले आहे, स्वस्त झाले आहे, ज्याचे गुणदोष सर्वांना ठाऊक झाले आहेत, तेच घ्यावे आणि त्याचा नवा उपयोग शोधावा. त्या साध्या यंत्राचे आणि त्याच्या पुढच्या रंगीत भावंडाचे मिळून अकरा कोटींहून अधिक नग जगात खपले.

‘टेट्रिस’ हा ठोकळे रचण्याचा खेळ तर मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात १९८४ साली अलेक्सेई पाजित्नोव्हने लिहिला. त्याच्या यंत्राला चित्रे काढताच येत नव्हती. त्याने कंसाची चिन्हे शेजारी शेजारी ठेवून ठोकळे केले. अकादमीत बसलेल्या माणसाला खेळ लिहिताना कमीपणा वाटला नाही. आमच्या शाळेला मात्र तो टेबलावर ठेवताना वाटला.

परदेशची उदाहरणे नकोत म्हणाल, तर घरचे देते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला चित्रकला शिकावयास आले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळले, तेव्हा ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. बेळगावात भावासह सायकली विकल्या, दुरुस्त केल्या. सायकल त्या काळी हौसेचीच चीज होती. पण तिथून नांगर झाला, आणि १९१० साली ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. सायकलीच्या दुकानात कोणी ‘काहीतरी उपयोगाचं करा’ म्हणून त्यांची सही नाकारली असती, तर? माझ्यासारख्या चित्रकलेच्या शिक्षिकेला हे उदाहरण विसरण्याचा तर मुळीच अधिकार नव्हता.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा. “अहो बाई, हजार रुपयांत असला गेम तयार मिळतो, रंगीत मिळतो. मग महिनेच्या महिने घालवून हे ओबडधोबड कशासाठी?”

यांना मी दिवाळीचाच प्रश्न विचारते. तुमच्या सोसायटीच्या आवारात, जिन्याखाली, मुले दिवाळीत किल्ला का करतात? महाराष्ट्रात किल्ल्यांचा तुटवडा पडला आहे काय? दगड गोळा करायचे, गोणपाट चिखलात बुडवायचे, अळीव पेरायचे आणि ते उगवले की नाही हे पहाटे अभ्यंगापूर्वी पाहायला धावायचे, हा सारा खटाटोप कशासाठी? तयार किल्लेसुद्धा आता मिळतात, रंगवलेले, बुरुज-दरवाजांसकट. मुलुंडला आणि बोरिवलीला रस्त्यावर मांडलेले मी पाहिले आहेत. विकत आणला की पाच मिनिटांत दिवाळी साजरी. परंतु ज्याने चिखलात हात घातला त्याला पुढे रायगडावर गेल्यावर तट कसा वळतो ते दिसते. बाकीच्यांना फोटोची जागा दिसते. साबणाच्या डबीतला खेळ हा त्या किल्ल्याचाच भाऊ आहे. त्याला ओबडधोबड म्हणणाऱ्यांनी आपल्या लहानपणीचा आकाशकंदील आठवावा. त्याच्या करंज्या कधी सरळ चिकटल्या होत्या?

आणि जुन्याच धाटणीचा खेळ का, याचेही उत्तर आहे. आजचा मोबाइलमधला मोठा खेळ शेकडो माणसे मिळून करतात. मुलाने कितीही डोके लढवले तरी त्याच्या आतला एक कोपराही त्याला एकट्याने उभारता येत नाही. जुना, ठिपक्यांचा खेळ एका डोक्यात मावतो. माझ्या पिढीने नव्वदच्या सुमारास तो शेजाऱ्यांच्या टीव्हीला लावून, पिवळी कॅसेट फुंकर मारून खोचत, पाळीपाळीने खेळला. काहींनी तासाच्या भाड्याने खेळला. आम्ही तो खेळलो आणि विसरलो. आतमध्ये काय आहे, असे आमच्यापैकी कोणालाही वाटले नाही. ते या मुलाला वाटले.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि तो आयांचा आहे. त्याला मी हसणार नाही. “मुलं आधीच दिवसरात्र गेममध्ये. त्यात तुम्ही त्यांना गेम बनवायला सांगता?” घरोघर जेवणाच्या ताटापाशी काय चालते ते मीही पाहते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. इतकी घरे पोळल्यावर ही भीती खोटी कशी म्हणू?

पण त्या दोन तासांत मुलाने मला जे दाखवले, ते ऐकावे. मी खेळत होते. पहिले पाच थर मला सहज जमले, मी खूश. सहाव्याला वेग वाढला, आठव्याला मनोरा कोसळला. मी लगेच पुन्हा बटण दाबले. मुलगा हसला. म्हणाला, “बाई, पहिले पाच मी मुद्दाम सोपे ठेवलेत. नाहीतर माणूस सोडून देतो. आणि हरल्यावर परत सुरू व्हायला मी वेळच ठेवला नाही. थांबवलं तर तो विचार करतो आणि उठून जातो.” पुढे म्हणाला, “हे लिहिल्यावर मला दादाच्या मोबाइलमधला गेम कळायला लागला. तो त्याला मधूनच फुकट नाणी देतो ना, ती फुकट नसतात.”

मी थक्क झाले. व्यसनावर मी आजवर निदान पन्नास निबंध तपासले असतील. सगळ्यांत ‘अति तेथे माती’. गळ कसा टाकतात, आमिष कुठे लावतात, हे एकातही नव्हते. ज्याने स्वतः एकदा गळ बनवला, त्याला तो पाण्यात दिसतो. म्हणून आयांना माझे सांगणे आहे: मुलाच्या हातातून मोबाइल ओढून घ्याल तर तो शेजारच्या मुलाचा घेईल. त्याला एकदा खेळ बनवू द्या. तो सुटेलच अशी हमी मी देत नाही. पण आपल्याला कोण आणि कसे ओढते आहे, ते त्याला कळेल. आम्ही शाळेने ती एक संधी ‘व्यसन नको’ या नावाखाली दारातून परत पाठवली.

चौथा आक्षेप धोक्याचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. सोल्डरिंग आयर्नचे टोक साडेतीनशे अंशांच्या आसपास तापते. साध्या सोल्डरमध्ये शिसे असते; खिडकी उघडी ठेवावी, काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, मगच फराळाला हात लावावा. जुन्या मोबाइलमधली बॅटरी काढून वापरण्याचा मोह मुलांना होतो. तो होऊ देऊ नये. ती टोचली गेली किंवा तिची टोके एकमेकांस चिकटली तर पेट घेते. या मुलाच्या वडिलांनी पेन्सिल सेलच वापरायचे अशी अट घातली होती, ती याच कारणाने. बंद टीव्ही आणि मायक्रोवेव्ह मुलांना उघडू देऊ नयेत. प्लग काढल्यावरही त्यांच्या पोटात वीज दबा धरून बसलेली असते. पण विळीवर बोट कापते म्हणून आपण भाजी चिरावयाचे शिकवणे सोडत नाही. शेजारी बसून शिकवतो.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगते, नाहीतर माझ्या बोलण्याचा भलता अर्थ निघेल. तळहाताएवढा संगणक आणून, कोणीतरी लिहिलेले हजारो जुने खेळ एका कार्डात फुकट उतरवून घेऊन ‘मी गेमचं यंत्र बनवलं’ म्हणून मिरवणे, याची वकिली मी करत नाही. कोणाचे तरी मालकीचे पुस्तक झेरॉक्स करून कोणी लेखक होत नाही. स्वतःचा एक खेळ लिहावा, मग तो गोविंदांच्या एका थराचा का असेना.

आता आमच्या घरच्या भांड्यांकडे वळते. शिक्षणात हाताला जागा हवी, हे काय आज कोणी नव्याने सांगायचे आहे? १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी ते सांगितले. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभव हा शिक्षणाचा अविभाज्य भाग असावा असे म्हटले. तो विषय मी शिकवते, म्हणून त्याचे काय झाले ते मलाच विचारा. परीक्षा जवळ आली की माझा तास गणिताला जातो. मी देते आणि स्टाफरूममध्ये चहा पिते. श्रेणी मात्र सर्वांना ‘अ’ असते. केंद्र सरकारने २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब काढल्या, शाळेमागे वीस लाखांपर्यंत अनुदान ठेवले. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांतून आणखी ५०,००० काढण्याची घोषणा झाली. योजना उत्तम. पण तुमच्या मुलाच्या शाळेत असे दालन असेल तर एकदा जाऊन एवढेच विचारा: किल्ली कोणाजवळ असते, आणि गेल्या वर्षी मुलांच्या हातून किती वस्तू जळाल्या? एकही जळली नसेल तर ते दालन पाहुण्यांसाठी आहे असे खुशाल समजा.

उपनगरांत गल्लोगल्ली रोबोटिक्सचे वर्ग निघाले आहेत, त्यांच्याविषयीही बोलायला हवे. तिथल्या डब्यात प्रत्येक तुकडा प्रत्येक तुकड्यात बसेलच अशी व्यवस्था असते. तासाभरात गाडी पळते, फोटो निघतो, पालक फी भरतात. मुलाला पहिली पाटी जाळण्याची सोय त्या फीमध्ये नाही. ज्यांच्याजवळ ती फी नाही त्यांना लॅमिंग्टन रोड आहे, आणि प्रदर्शनाच्या टेबलाशी बसलेले आम्ही तिघे आहोत.

शेवटी एक गोष्ट राहिली, आणि ती मला सर्वांत जास्त बोचते. उन्हाळ्यात मी त्या मुलाच्या घरी गेले होते. त्याची बहीण सातवी संपवून आठवीत चाललेली. बोलता बोलता कळले, की डबीतल्या सोल्डरचे निम्मे ठिपके तिचे आहेत. भावाचा हात थरथरतो. तिचा रांगोळीने स्थिर झालेला. खेळ संपल्यावरचा तो ‘पीं’ आवाजही तिनेच शोधला. अर्जावर नाव मात्र भावाचे एकट्याचे होते. “मुलीच्या नावावर कशाला, म्हटलं,” त्यांची आई म्हणाली. मी तिला काय बोलणार? मुलुंडच्या आमच्या चाळीत मीही किल्ल्याचा चिखल कालवला आणि मावळे मांडायची वेळ आली की भाऊ म्हणत, तू जा, रांगोळी काढ.

मुलगा आता दहावीत आहे. डबी कपाटावर ठेवली आहे आणि परीक्षा होईपर्यंत तिला हात लावायचा नाही, असा वडिलांचा हुकूम आहे. त्या बापावर मी रागवू शकत नाही. जन्मभर लोकांचे मिक्सर उघडून त्याने दोन मुले वाढवली; आपल्या मुलाने खुर्चीवर बसावे, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जमिनीवर बसू नये, असे त्याला वाटते. हाताने काम करणाऱ्याला आपण कोणत्या नजरेने पाहतो, ते तो दुकानात रोज पाहतो. त्याचे ते मत आपणच बनवले आहे. शाळेनेही ते गेल्या डिसेंबरात पक्के केले.

प्रदर्शनाच्या नियमांतून ‘खेळ स्वीकारले जाणार नाहीत’ हे कलम काढावे, असा अर्ज मी जूनमध्येच शाळेत दिला आहे. उत्तर अजून आलेले नाही. कलम निघो वा न निघो, धाकटीने मला विचारून ठेवले आहे, “बाई, यंदा मी आणू? पण गेमच आहे हं.” मी ‘आण’ म्हटले आहे. अर्जावर दोन नावे असतील. आणि विषयाच्या रकान्यात ‘खेळ’ हा शब्द मी माझ्या हाताने, चांगला ठळक, बोरूने लिहिल्यासारखा लिहून देणार आहे. त्याखालची सही करायला मला या खेपेला लाज वाटणार नाही.